मिठाच्या पाण्यावरचा दिवा

चेंबूरच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंचे पत्र आले आहे. पत्र चार पानी आहे, पण त्यातील प्रश्न तीनच. त्यांचा मुलगा बारावीनंतर फिश टँकची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे कामाला लागला. दवाखाने, ऑफिसे, मोठ्या लोकांचे फ्लॅट अशा ठिकाणच्या टाक्या धुणे, पाणी बदलणे, मोटर साफ करणे हे त्याचे रोजचे काम. महिन्यापूर्वी एक गिऱ्हाईक घर सोडून दुसऱ्या शहरात गेले आणि जाताना आपली समुद्राच्या पाण्याची टाकी, तिच्यावरच्या दिव्यासकट, या मुलाला देऊन गेले. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आता ती २६९ चौरस फुटांच्या खोलीत भिंतीला लागून रिकामी उभी आहे आणि मुलाला तिच्यात प्रवाळ ठेवायचे आहे.

ताई विचारतात : विजेचे बिल किती वाढेल? पाण्याच्या डोक्यावर करंट टांगायचा आणि घरात तीन वर्षांची नात आहे, तेव्हा धोका नाही ना? आणि शेजारी म्हणतात प्रवाळ पाळणे हा गुन्हा आहे, हे खरे काय? शेवटी त्यांनी लिहिले आहे, "भाऊ, पोरगा हट्टी नाही. पण त्याच्या डोळ्यांत ती टाकी बसली आहे. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

हा श्रीमंतांचा शौक, त्याला या पानावर जागा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी एवढेच पाहावे की, शौक ज्याचा असेल त्याचा असो, त्या खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालणारी मुले आपल्याच घरांतून जातात. ती काम शिकून घेतात, पण वायरी कशा असाव्यात हे त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून ताईंच्या निमित्ताने हा विषय घेतला. मी स्वतः कारकून माणूस. वायरिंगचे काम करणाऱ्या जाणत्या मंडळींना विचारून आणि थोडे वाचून हे लिहीत आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते चुकले तर बाकीचे दोन विचारण्याची गरजच उरत नाही.

शेजारी अर्धे बरोबर आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत, २००१ साली प्रवाळ घालण्यात आले. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखा म्हणतात त्या सर्व जाती त्यात आल्या. हे संरक्षण आजही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडासुद्धा यातून सुटत नाही. त्यामुळे बाजारात शोभेचा दगड म्हणून जे विकले जाते ते घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. आणि आपल्या किनाऱ्यावरून तर काहीच उचलू नये. मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे पुष्कळांना माहीत नाही. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या, आणि त्यासाठी महानगरपालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. जेथे पालिकेला परवानगी लागते तेथे आपल्या मुलाने ओहोटीच्या वेळी पिशवी घेऊन जाऊ नये.

मग उरते काय? दगडी सांगाडा न बांधणाऱ्या काही मऊ जाती या नावांत येत नाहीत. दुकानदार त्यांना मशरूम, लेदर, झेनिया, स्टार पॉलिप, झोआ अशा नावांनी ओळखतात. घ्यायचे तर यांतलेच, पावती घेऊन, आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घेऊन. दगडी प्रवाळाबद्दल "परदेशातून आला आहे, काही होत नाही" असे कोणी सांगितले तर तो माल त्याच्याकडेच राहू द्यावा. कागदपत्रे त्याची, पण टाकी आपल्या घरात, हे ध्यानात असावे. यात एक सोय आपोआप होते. या मऊ जातींना दगडी प्रवाळांपेक्षा प्रकाश बराच कमी लागतो. म्हणजे येथे कायदा आणि आपला खिसा एकाच बाजूला उभे आहेत.

आता मूळ मुद्दा, दिव्याचा. साध्या माशांच्या टाकीवर दिवा असतो तो आपल्यासाठी, मासे दिसावेत म्हणून. तो विझला तरी माशाचे पोट भरते. प्रवाळाचे तसे नाही. प्रवाळ हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे, तो प्राणी आहे. परंतु त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडात पानासारखे अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत गरज याच मार्गाने भागते. १९२८-२९ साली मॉरिस योंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आइल्स येथे वर्षभर मुक्काम करून होती. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत कोंडून पाहिले, तेव्हा आतले शेवाळ निघून गेले. पुढे थॉमस गोरो यांनी १९५९ साली दाखवून दिले की, दगडी प्रवाळ उजेडात जेवढ्या वेगाने सांगाडा बांधतो तेवढा अंधारात बांधत नाही. सांगायचे एवढेच की, या टाकीवरचा दिवा म्हणजे शोभा नव्हे, ते ताट आहे. ताट किती वाढायचे हे जेवणाऱ्याकडे पाहून ठरते, पाहुण्याकडे पाहून नव्हे.

(अंगठीतले लाल पोवळे हे या मंडळींचे लांबचे नातलग. ते खोल, काळोख्या पाण्यात वाढते आणि त्याच्या अंगात असले शेवाळ नसते. त्याने मंगळ शांत होतो की सोनाराचे घर चालते, हा विषय पुन्हा कधीतरी.)

उजेड कोणता, हे समुद्रच ठरवतो. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी खाऊन टाकते. निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणून या शेवाळाला निळ्या उजेडावर जगण्याची सवय लागली आहे. घरातली पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते. हा आकडा जितका चढेल तितका उजेड निळसर. प्रवाळाच्या टाकीवर १४ हजार ते २० हजार केल्विनचे दिवे वापरतात ते या कारणाने. साध्या पांढऱ्या दिव्याने मऊ जाती मरतील असे मात्र नाही, कारण त्यातही निळा भाग असतोच. पण टाकी पिवळट दिसते, काचेवर नको ते शेवाळ धरण्याची तक्रार होते आणि आठ दिवसांत उत्साह मावळतो.

येथे एक फसगत आहे. ताईंच्या मुलाने हा भाग दोनदा वाचावा. माणसाच्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सर्वांत तीव्र वाटतो, निळा मंद वाटतो. निळा दिवा लावला की टाकी अंधारी दिसते. मालक म्हणतो वाढव, आणि पोरगा बटण फिरवतो. प्रत्यक्षात प्रवाळाच्या अंगावर तेव्हा भरपूर उजेड पडत असतो. दोन-चार दिवसांत तो फिका पडतो, मग पांढरा होतो. जास्त उजेडाने आतले शेवाळ बाहेर फेकले जाते आणि जीव उपाशी पडतो. कमी उजेडात प्रवाळ हळूहळू काळपटतो, सावरायला आठवडे मिळतात. जास्त उजेडात तेवढी सवड मिळत नाही. नवशिक्यांची टाकी बुडते ती अंधाराने कमी आणि हौसेने जास्त.

हे मोजायचे माप वॅट नव्हे. वॅट म्हणजे दिवा खातो किती. प्रवाळाला पोचते किती, त्याच्या मापाला या धंद्यात 'पार' म्हणतात. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर ते २००० च्या आसपास असते. मऊ जातींना टाकीच्या तळाशी ५० ते १५० पुरते. दगडी जातींतल्या काहींना ३०० च्या वर लागते, म्हणून तर त्यांचे दिवे महाग. हे माप घेणारा मीटर महाग असतो आणि एका टाकीसाठी घेण्यात अर्थ नाही. ज्या कंत्राटदाराकडे मुलगा काम करतो त्याच्याकडे असेल तर एका रविवारी मागून आणावा. मोबाइलमधले ॲप निळ्या उजेडाखाली भलतेच आकडे दाखवते, त्यावर विसंबू नये.

आता त्या फुकट आलेल्या दिव्याकडे वळू. ताईंनी वर्णन केले आहे त्यावरून तो मेटल हॅलाइडचा, २५० वॅटचा आहे. जड पत्र्याचा डबा, पुढे काच, वेगळा चोक. एके काळी प्रवाळाच्या टाक्या याच दिव्यावर वाढल्या आणि त्याच्या उजेडाला आजही नावे ठेवता येत नाहीत. पाण्यावर सूर्यासारखी हलती चमक त्याच्याइतकी कोणी देत नाही. पण हिशेब मांडून पाहू.

चोकसकट तो साधारण २८० वॅट खाईल. रोज नऊ तास धरले तर अडीच युनिट, महिन्याला ७५. समजा घरचा वापर आज ९० युनिट आहे. तो १६५ वर जाईल, आणि मुंबईत १०० युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणजे वाढलेल्या युनिटांपैकी ६५ चढ्या दराने. त्यात वर्षातून एकदा बल्ब बदलायचा, कारण तो जळत राहिला तरी त्याचा रंग आणि जोर उतरतो. शिवाय हा दिवा पाणी तापवतो. या टाकीला २४ ते २७ अंश हवेत आणि मे महिन्यात आपली खोलीच त्याच्या पुढे असते. मग पाणी थंड करण्याचे यंत्र घ्या, त्याचे बिल वेगळे. ज्या खोलीत पाच माणसे झोपतात तेथे ही भट्टी कशाला?

धोकाही आहे. तो पेटताना त्याचा इग्नायटर क्षणभर काही हजार व्होल्टचा ठोका देतो. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकू शकते. दोन्ही टोकांना होल्डर असलेल्या बल्बापुढची काच तर कधीही काढून ठेवू नये. ती अतिनील किरण अडवते, ती नसेल तर डोळे आणि कातडी भाजते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. टाकी ठेवावी, हा दिवा लावू नये.

ट्यूबचा पर्याय होता. टी-फाइव्ह नावाच्या बारीक ट्यूब, तीन फुटी ३९ वॅटची. चार ट्यूब म्हणजे १५६ वॅट. उजेड सगळीकडे सारखा पडतो, सावल्या कडक पडत नाहीत, ही त्यांची मोठी खूण. पण त्याही नऊ-बारा महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि आता सगळीकडे सहज मिळत नाहीत.

राहिला एल.ई.डी. प्रखर निळा एल.ई.डी. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी करून दाखवला. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले. त्या निळ्याच्या जोरावरच आज आपल्या घरातला पांढरा एल.ई.डी. बल्बही जळतो. ताईंच्या टाकीला सुमारे १०० वॅटचा, किंवा ५०-५० चे दोन दिवे पुष्कळ झाले. मी म्हणेन दोन घ्यावेत. एक दिवा साधारण दोन फुटांचा चौक नीट उजळतो आणि टाकी तीन फुटी आहे. शिवाय एक बंद पडला तर दुसऱ्यावर आठवडा निघतो. मऊ जातींसाठी ते ७० टक्क्यांच्या वर न्यावे लागणार नाहीत. ७० वॅट, नऊ तास, म्हणजे महिन्याला १९ युनिट. ९० चे १०९ होतील. मोटर चोवीस तास चालते, तिचे पंधराएक युनिट वेगळे धरावे.

विकत घेताना दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का? ज्याला नुसते चालू-बंद आहे तो घेऊ नये, मग तो निम्म्या किमतीत मिळो. भिंग किती अंशाचे? दीड फूट पाण्याला ९० ते १२० अंशांचे रुंद भिंग बरे, अरुंद भिंग मध्यभागी भाजते आणि कडेला अंधार ठेवते. ड्रायव्हर बाहेर वेगळा आहे का, आणि तो एकटा बदलून मिळतो का? हा प्रश्न दुकानदाराला आवडत नाही, म्हणून जरूर विचारावा. खोक्यावर ५० हजार तास लिहिलेले असते. नऊ तासांनी भागले तर पंधरा वर्षे होतात. कागदावरचा हिशेब चोख आहे, पण खाऱ्या हवेत आधी पंखा जातो, मग ड्रायव्हर, दिवे तसेच राहतात. चौथी गोष्ट पावतीची, ती वर आलीच आहे. जुना दिवा क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्याला मिळतो, पण तो तेथेच लावून प्रत्येक रंग पेटवून पाहावा. मिठाने आतून हिरवट झालेला असेल तर परत ठेवावा.

खिडकीतले ऊन फुकट आहे, ते का नको, असे कोणी विचारेल. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यात जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि नैसर्गिक ऊन एवढ्यावर टाक्या चालत. पण आपल्या खोलीला ऊन येते ते एका खिडकीतून, तिरपे, आणि उन्हाळ्यात पाण्याला ताप चढवून जाते. तो भरवसा धरू नये. उलट थेट ऊन येते ती भिंत सोडूनच टाकी लावावी.

आता बसवणे. येथून पुढे दिवा प्रवाळासाठी नाही, हात घालणाऱ्यासाठी आहे.

आधी टाकी कोठे ठेवता ते पक्के करावे. काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी, वर काच, वाळू, दगड, स्टँड. अडीचशे किलोच्या घरात वजन जाते. ती भिंतीला लागून, सपाट जमिनीवरच राहील आणि भरल्यानंतर हलणार नाही. म्हणून प्लगची जागा टाकी भरण्याआधी ठरवायची. प्लग टाकीच्या मागे किंवा खाली नको. बाजूला, पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवा, जेथे ओल्या टाकीवरून हात न नेता तो काढता येईल आणि जेथे नात पोचणार नाही. जमिनीवर लोळणारा एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको. टाकी कधी ना कधी गळते किंवा सांडते, आणि मिठाचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले करंट वाहून नेते.

दिव्यापासून प्लगकडे जाणारी वायर सरळ ताणून नेऊ नये. तिला आधी प्लगच्या खाली झोळ द्यावा आणि मग वर प्लगकडे चढवावी. वायरवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. याला एक पैसा लागत नाही. तरी दहा टाक्यांपैकी किती ठिकाणी असतो ते मुलाने उद्या कामावर मोजून पाहावे.

दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर असावा. काठावर बसणारे पाय मिळतात, ते दोन-तीन किलोच्या दिव्याला चालतात. छताला टांगायचा असेल तर स्लॅबमध्ये फास्टनर मारून तारेने टांगावा. त्याआधी छतात वायरिंगचा पाइप कोठून गेला आहे ते पाहावे. दोन तारांखेरीज एक तिसरी, ढिली तार जास्तीची असू द्यावी. पहिल्या दोन सुटल्या तर दिवा पाण्यात न पडता तिच्यावर लोंबकळेल.

आणि आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. ती दिव्याच्या दुकानात मिळत नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तिचे नाव आर.सी.सी.बी., ३० मिलिअँपिअरचा. जुने लोक ई.एल.सी.बी. म्हणत. आपल्या घराच्या बोर्डात एम.सी.बी. असतो आणि त्याने माणूस वाचतो असा पुष्कळांचा समज आहे. तो समज चुकीचा आहे. एम.सी.बी. वायर जळू नये म्हणून असतो. तो कित्येक अँपिअरला पडतो. माणसाचा जीव जायला अँपिअरचा दहावा भागदेखील पुरे होतो. आर.सी.सी.बी. हे पाहतो की, गेलेला करंट तेवढाच परत आला की नाही. थोडा जरी वाटेत अंगातून जमिनीत गेला, तरी तो डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडतो. त्याच्यावर एक टी अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो बदलावा. सोबत खरे अर्थिंग हवे. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे तिसऱ्या भोकात अर्थिंग आहेच असे नाही, ते वायरमनकडून तपासून घ्यावे. हे काम परवानाधारक वायरमननेच करावे. मुलाने शेजारी उभे राहून शिकावे.

तरीही नियम एकच ठेवावा : पाण्यात हात घालण्याआधी टाकीची सगळी वीज बंद. दिवा, मोटर, सगळे. पाच मिनिटांनी मासे मरत नाहीत. हात कोरडे, पायांत रबरी चप्पल. हा नियम घरच्या टाकीसाठी जेवढा, त्याहून अधिक कामावरच्या टाकीसाठी. साहेबाच्या ऑफिसात ए.सी. गार असतो, लादी चकचकीत असते, आणि टाकीच्या मागे पाहिले तर चार प्लग एका बोर्डात कोंबलेले, वर मिठाचा पांढरा थर. तेथे आर.सी.सी.बी. आहे की नाही हे विचारण्याचा हक्क हात घालणाऱ्या मुलाला आहे. ताई, कंत्राटदार पोराला बोलू देत नसेल तर तुम्ही जाऊन विचारा. आईला उत्तर द्यावे लागते.

मिठाचे पाणी उडून दिव्याखालच्या काचेवर वाळते. त्या पांढऱ्या थराने उजेड अडतो आणि होल्डरही गंजतात. आठवड्यातून एकदा प्लग काढून, दिवा निवू देऊन, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे.

सुरुवात कशी करावी तेही सांगतो. टाकीत पाणी आणि दगड घातल्यावर पहिले चार-सहा आठवडे पाणी तयार होत असते. तेव्हा हा दिवा लावायचीच गरज नाही. लावला तर नुसते शेवाळ माजते आणि युनिट फुकट जातात. पहिला प्रवाळ आला की तो तळाशी ठेवावा आणि दिवा ३० टक्क्यांवर, सहा तास. मग आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवत जावे आणि वेळ आठ-नऊ तासांवर आणून थांबावे. टायमर लावावा, आठवणीवर सोडू नये. त्याचा दिवस आपल्या सोयीने ठरवता येतो. दुपारी बारा ते रात्री नऊ ठेवला तर मुलगा कामावरून आल्यावर टाकी पाहू शकेल आणि नात झोपायच्या वेळी खोलीत अंधार होईल. मशरूम जर मान उंचावून लांबट झाला तर उजेड कमी पडतो आहे. आक्रसून कडा मुडपल्या तर जास्त होतो आहे. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून बसतो आणि कात टाकल्यासारखी साल सोडतो. तेव्हा घाबरून दिव्याला हात लावू नये. झोआ हाताळताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि त्याचा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नये. त्यांच्या काही जातींत भयंकर विष असते. घरात लहान मूल असताना मी तरी मशरूमपासूनच सुरुवात करा म्हणेन.

वीज गेली तर दिव्याची काळजी नको. एक-दोन दिवस अंधारात मऊ प्रवाळाचे काही बिघडत नाही. समुद्रावरही आभाळ येते. काळजी मोटरची, कारण पाणी थांबले की त्यातला प्राणवायू संपतो. इन्व्हर्टर घेण्याची ऐपत झाली तर त्यावर मोटर लावावी, दिवा नव्हे.

आता राहिला तो जुना हॅलाइड. त्याचा डबा आणि तांब्याचा चोक भंगारात जाईल, चार पैसे येतील. पण आतला बल्ब फोडून कचऱ्यात टाकू नका किंवा तसाच भंगारवाल्याच्या पोत्यात देऊ नका. त्यात पारा असतो. तो पोते उचलणाऱ्याच्या आणि काच निवडणाऱ्या बाईच्या नाकात जातो. बल्ब पुठ्ठ्यात गुंडाळून, वर 'पारा आहे' असे लिहून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा. तोवर नातीचा हात पोचणार नाही अशा माळ्यावर ठेवावा.